सापाचं काळीज आणि केईएमचा सर्जन

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण सोलापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. उजनी भरलेलं असतं आणि आपण नळाकडे बघत बसतो. आपल्या हृदयाचंही तसंच आहे. कप्पे रक्तानं भरलेले, पण भिंतीतल्या जाड स्नायूला त्या साठ्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. त्याला रक्त येतं ते बाहेरून, बॉलपेनच्या रिफिलएवढ्या कोरोनरी धमन्यांमधून. ती लाइन तुंबली की हार्ट अटॅक.

मग थेट धरणातूनच पाणी का घेऊ नये? हा प्रश्न पडला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले सर्जन डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांना. 1915 साली कोलकात्यात जन्मलेले सेन नावारूपाला आले ते परळमध्ये. तेव्हा बायपास अजून रुळलेली नव्हती आणि हृदयाची पहिली बलून अँजिओप्लास्टी व्हायची होती 1977 मध्ये.

सेन यांना उत्तर सापडलं सापाकडे! सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत स्पंजसारखी असते, आतलं रक्त थेट स्नायूत झिरपतं. मग त्यांच्या टीमनं कुत्र्यांवर प्रयोग केले. धमनी बांधून टाकायची आणि सुईनं हृदयाच्या भिंतीला आतपर्यंत बारीक भोकं पाडायची. अशी भोकं पाडलेले कुत्रे जास्त संख्येनं जगले. 1965 मध्ये सेन, उडवाडिया, किनरे आणि परुळकर यांचा पेपर अमेरिकन जर्नलमध्ये छापून आला. त्यातले उडवाडिया म्हणजे पुढे भारतात लॅप्रोस्कोपी आणणारे डॉ. तेहेमटन उडवाडिया.

पण ही भोकं काही काळानं बुजतात. पुढे सुईची जागा लेसरनं घेतली, 1998 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगीही मिळाली. काही पेशंटचं छातीत दुखणं कमी झालं, पण ते नेमकं कशामुळे, यावर एकमत झालं नाही. बायपास आणि स्टेंटपुढे ही पद्धत मागेच राहिली.

सेन यांचं नाव घराघरात पोचलं ते वेगळ्याच कारणानं. डिसेंबर 1967 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं आणि अडीच महिन्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, सेन यांनी ते केईएममध्ये करून दाखवलं. पेशंट काही तासांतच गेला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही टिकला नाही. ‘ब्रेन डेथ’ला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे आला थेट 1994 मध्ये, आणि पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपणही त्याच वर्षी दिल्लीत झालं. 1969 मध्ये पद्मभूषण मिळालेले सेन 1982 मध्येच गेले होते.

म्हणजे दोन धाडसं, दोन्ही अर्धवट? थांबा, तिसरं काम राहिलंच. त्याची हेडलाइन कधी झाली नाही.

केईएममध्ये विशीतले पेशंट यायचे, त्यातही मुली जास्त. कुणाच्या मनगटाला नाडीच लागत नसे, तर कुणाचं बीपी या वयात भलतंच वाढलेलं. महाधमनीलाच सूज येऊन ती आणि तिच्या फांद्या अरुंद व्हायच्या. या आजाराची पहिली नोंद 1908 मध्ये जपानी डोळ्यांचे डॉक्टर ताकायासू यांनी केली होती. सीटी स्कॅन तेव्हा नव्हतंच. धमनीत औषध सोडून एक्स-रे काढायचा, म्हणजे कुठं अरुंद झालंय ते फिल्मवर दिसायचं. सेन आणि सहकाऱ्यांनी एकेक केस जमवली. जपानी पेशंटमध्ये मानेकडे आणि हाताकडे जाणाऱ्या धमन्यांवर जास्त परिणाम दिसायचा. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्याही बऱ्याचदा अरुंद व्हायच्या, म्हणून तर बीपी वाढायचं. अशा 101 पेशंटच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक 1973 मध्ये आलं.

आजही कॉलेजच्या वयात कुणाचं बीपी खूप वाढलेलं निघालं, तर डॉक्टर दोन्ही हातांची आणि पायांचीही नाडी बघतात. तुमची अशी तपासली, तर आपल्याकडे हा आजार कुणी नीट मोजला होता, ते आठवा.