रुडॉल्फ डीझेल

मालाचे ट्रक, शेतावरचे पंप आणि मच्छिमारांच्या यांत्रिक होड्या ह्यांच्या संबंधांत एक शब्द आपण नित्य उच्चारतों, तो म्हणजे डीझेल. हें एका तेलाचें नांव आहे, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु तें मूळचें एका माणसाचें नांव आहे. आणि त्या माणसानें आपलें सारें आयुष्य उष्णता कशी मिळवावी, कशी वापरावी व कशी आवरावी ह्या एकाच विचारांत घालविलें. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थिबंधूंस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रुडॉल्फ डीझेल ह्याचा जन्म ता. १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस शहरीं झाला. त्याचे आईबाप जर्मनींतील बव्हेरिया प्रांताचे. बाप चामड्याच्या वस्तू करून विकी. इ. स. १८७० सालीं फ्रान्स व जर्मनी ह्यांचें युद्ध जुंपलें, तेव्हां ह्या कुटुंबास पॅरिस सोडून लंडनचा आश्रय करावा लागला. तेथें निर्वाह कठीण झाल्यामुळें बारा वर्षांच्या रुडॉल्फास आउग्सबुर्ग येथें नातलगांकडे पाठविण्यांत आलें. त्याचा तेथील पालक गणिताचा शिक्षक होता. परक्या घरीं राहणाऱ्या ह्या मुलानें मन लावून अभ्यास केला आणि पुढें म्युनिच येथील तंत्रविद्यालयांत प्रवेश मिळविला. इ. स. १८८० सालीं तो तेथील शेवटची परीक्षा फार उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला.

म्युनिच येथें त्यास कार्ल फॉन लिंडे हे गुरु लाभले. लिंडे म्हणजे बर्फ करण्याच्या यंत्राचे प्रसिद्ध जनक. गुरूंच्या व्याख्यानांत रुडॉल्फानें ऐकलें कीं, वाफेच्या इंजिनांत जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेचा फार मोठा भाग फुकट जातो. शंभर भागांतून सामान्यतः दहाच्या आंतबाहेरच भाग कामीं येतात. हा अपव्यय त्याच्या मनाला लागून राहिला. परीक्षेनंतर सुमारें दहा वर्षें त्यानें लिंडे ह्यांच्याच बर्फयंत्रांच्या धंद्यांत नोकरी केली. दिवसा थंडी उत्पन्न करावी आणि फावल्या वेळांत उष्णतेचें चिंतन करावें, असा त्याचा क्रम होता.

अखेरीस त्याची कल्पना पूर्ण झाली. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोक गरम होतें, हें आमच्या प्रत्येक वाचकानें अनुभविलें असेल. हवा दाबली कीं ती तापते. ती पुरेशी दाबली तर इतकी तापेल कीं, तिच्यांत तेलाचा फवारा सोडतांच तें ठिणगीवांचून पेट घेईल, हें डीझेलचें तत्त्व. इ. स. १८९२ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला व १८९३ सालीं आपल्या सिद्धांताचें पुस्तक प्रसिद्ध केलें.

ह्या सिद्धांतांत एक मोठी महत्त्वाकांक्षा होती. तेल अशा बेतानें जाळावें कीं, जळतांना उष्णमान वाढूंच नये, म्हणजे सिलिंडरास थंड करण्याची गरज पडणार नाहीं व उष्णतेचा कणही वायां जाणार नाहीं, असा त्याचा हिशेब होता. त्यासाठीं हवा नेहमीच्या दाबाच्या २५० पट दाबावी, असें त्यानें आरंभीं मांडलें. आउग्सबुर्ग येथील यंत्रशाळेनें व क्रुप ह्या प्रसिद्ध कारखानदारांनीं त्यास साह्य दिलें. पहिलें इंजिन उभें राहिलें. त्याच्या सिलिंडराभोंवतीं पाण्याचें आवरण नव्हतें.

ता. १० ऑगस्ट १८९३ रोजीं पहिला प्रयोग झाला. तेलानें पेट घेतला खरा, पण त्याबरोबर स्फोट होऊन दाब मोजण्याचें उपकरण फुटलें. तत्त्व सिद्ध झालें, परंतु यंत्र चाललें नाहीं. ता. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं सुधारलेलें इंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम एक मिनिट फिरलें. येथून तीन वर्षें डीझेलची खरी कसोटी लागली. कागदावरचा हिशेब एक सांगे आणि लोखंड दुसरेंच सांगे. त्यानें लोखंडाचें ऐकलें. २५० पट दाबाचा आग्रह त्यानें सोडला. तो तीस-चाळीस पटींवर आणला. जें पाणी नको म्हणून त्यानें लिहिलें होतें, तेंच त्यानें सिलिंडराभोंवतीं खेळविलें. सर्व उष्णता राखूं जातां यंत्रच राहत नाहीं. कांहीं उष्णता मुद्दाम बाहेर नेली पाहिजे, हें त्यानें मान्य केलें. इ. स. १८९७ च्या फेब्रुवारींत प्राध्यापक श्र्योटर ह्यांनीं त्याच्या नव्या इंजिनाची परीक्षा घेतली, तेव्हां तेलांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून अधिक भाग कामीं आल्याचें आढळलें. इतकें काटकसरी उष्णतायंत्र त्यापूर्वीं जगांत झालें नव्हतें.

आजच्या मोटारगाडींतही हाच धडा पदोपदीं दिसतो. इंजिनाभोंवतीं फिरून तापलेलें पाणी रेडिएटरमध्यें वाऱ्यानें निवतें आणि परत जातें. स्वतः तेलाचीही निगा घ्यावी लागते. नव्या गाड्यांत पंप जरुरीपेक्षां अधिक तेल मोठ्या दाबानें पुढें ढकलतो व उरलेलें तेल गरम होऊन टांकीकडे परततें. टांकींत तेल थोडें उरलें असेल तर तें लवकर तापतें. तापलेलें तेल पातळ होतें, त्याच मापांत त्याचें वजन कमी भरतें, म्हणून गाडीचें बळ घटतें व पंपास वंगण कमी पडतें. ह्यास्तव कांहीं गाड्यांत परतीच्या नळीवर तेल निवविण्याची योजना असते. उलट कडाक्याच्या थंडींत तेलांतील मेण गोठून गाळणी बंद होते, म्हणून इ. स. २०१९ सालीं लडाखसाठीं उणें ३३ अंशांपर्यंत न गोठणारें डीझेल काढण्यांत आलें. आमच्या महाराष्ट्रांत खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना निघाला. शेतावरच्या अशा कित्येक इंजिनांत विहिरींतून उपसलेलें पाणीच आधीं इंजिन निववून मग पाटांत जाई. येथें पालकांस व मुलांस एक सूचना करावीशी वाटते : घाटांत गाडी तापली असतां रेडिएटरचें झांकण लगेच उघडूं नये, आणि तापलेल्या इंजिनांत एकदम गार पाणी ओतूं नये. वाफेनें माणूस भाजतो आणि धातूला तडा जातो.

डीझेलला कीर्ति व संपत्ति दोन्ही मिळालीं. इ. स. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याच्या पद्धतीचें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें. परंतु पेटंटांचे तंटे, अतिश्रम आणि पैशाचे चुकलेले व्यवहार ह्यांनीं त्याचें शरीर व मन खचलें. यंत्रास विसावा देण्याचें तो शिकला होता, स्वतःस मात्र त्यानें तो फारसा दिला नाहीं. ता. २९ सप्टेंबर १९१३ रोजीं तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटींतून इंग्लंडास निघाला. सकाळीं त्याची खोली रिकामी होती. कांहीं दिवसांनीं समुद्रांत एक प्रेत सांपडलें. त्याच्याजवळील वस्तू बापाच्या म्हणून मुलानें ओळखल्या. मृत्यु कसा झाला, ह्याचा निर्णय आजतागायत लागला नाहीं.

विद्यार्थिबंधूंनो, परीक्षेंतील पहिल्या क्रमांकानें डीझेल मोठा झाला नाहीं. आपणच छापलेला हिशेब प्रयोगापुढें टिकत नाहीं असें दिसतांच त्यानें तो बदलला, आणि त्या बदलांतूनच त्याचें यंत्र चालूं लागलें. ट्रकच्या रेडिएटरमध्यें पाणी भरणारा मनुष्य दिसेल, तेव्हां ह्या गोष्टीचें स्मरण अवश्य करावें.