साताऱ्यात जन्मलेल्या मिठाच्या साहेबाचं नाव जंगलातल्या डासाला कसं मिळालं?

वाकोल्यात कुणाच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी असेल, तर त्याने हा सुरवंट नक्की पाहिला असेल. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मग हिरवागार होतो, अर्धं झाड फस्त करतो आणि एक दिवस काळं-पिवळं फुलपाखरू होऊन उडून जातो.

हे लिंबावरचं फुलपाखरू. लिंबाची बाग मिळाली तर उत्तमच, नाहीतर कढीपत्त्याची कुंडीही चालते. जंगल नसलं तरी त्याचं अडत नाही.

पण इथून काही किलोमीटरवर, बोरिवलीच्या जंगलात उडणारी कितीतरी फुलपाखरं वाकोल्यात कधीच दिसत नाहीत. कारण साधं आहे. त्यांच्या सुरवंटाला लागणारी झाडं-वेली इथे नाहीत.

आज हे सोपं वाटतं. पण कोणता सुरवंट कोणत्या झाडावर जगतो, हे कुणीतरी जंगलात बसून टिपून ठेवावं लागलं होतं. ते टिपणाऱ्यांपैकी एक होते एडवर्ड हॅमिल्टन एटकेन.

जन्म साताऱ्याचा, नोकरी मिठाची

एटकेन यांचा जन्म 1851 साली साताऱ्यात झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. मुलाचं शिक्षण त्यांनी इथेच केलं. एटकेन मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिले आले आणि 1870 ते 1876 पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होते.

1876 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात गेले. हे खातं लोकांच्या प्रेमातलं नव्हतं. गरिबाच्या भाकरीवरच्या मिठावर कर वसूल करणारं खातं ते. पण या नोकरीने एटकेन यांना जिथे नेलं, तिथे एरवी कुणी अधिकारी हौसेने गेला नसता. कच्छच्या रणाकाठचं खाराघोडा, उरण, रत्नागिरी, कारवार आणि गोव्याच्या सरहद्दीवरची नाकी.

खाराघोड्याच्या धुळीत त्यांना विषय सापडला. घरातले उंदीर, मुंग्या, डास, पाली यांच्यावर त्यांनी खुसखुशीत लेख लिहिले. 1883 मध्ये त्यांचं द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर हे पुस्तक आलं आणि एहा हे त्यांचं टोपणनाव घराघरांत पोहोचलं. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्या घरांत.

त्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1883 रोजी, मुंबईत आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. या आठ जणांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. संस्थेचे पहिले सचिव झाले एटकेन. 1886 मध्ये संस्थेचं जर्नल निघालं, त्याच्या पहिल्या संपादकांतही ते होते.

कारवारचे तीन साहेब आणि सुरवंट

तेव्हा कारवारचा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे तीन हौशी माणसं एकत्र आली. मीठ खात्याचे एटकेन, सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि जंगल खात्याचे टी. आर. बेल.

त्या काळी फुलपाखरू पकडायचं, टाचणी टोचायची आणि पेटीत ठेवायचं, एवढ्यावर बहुतेकांचं काम संपायचं. हे तिघे मात्र अंडी आणि सुरवंट शोधत. ते कोणत्या झाडावर सापडले, काय खातात, कोष कसा होतो हे पाहत. त्यातून उत्तर कानडाच्या फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला 1890 च्या दशकात जर्नलमध्ये आली.

या कामाचं महत्त्व काय? फुलपाखरू उडत कुठेही जाऊ शकतं. त्यामुळे ते दिसलं म्हणजे तिथे त्याचं घर आहे, असं होत नाही. घर कुठे आहे ते सुरवंटाच्या झाडावरून कळतं. आणि हे कळलं, की जंगलाशेजारी शेत आल्यावर कोण टिकणार आणि कोण जाणार याचा अंदाज बांधता येतो.

तीन उदाहरणं बघा.

भाताच्या पानावर वाढणारं एक तपकिरी फुलपाखरू आहे. शास्त्रीय नाव मेलानायटिस लेडा. सुरवंट भात आणि गवत खातो, पण मोठं झालेलं फुलपाखरू दिवसभर झाडीच्या सावलीत, वाळलेल्या पानांत लपतं आणि तिन्हीसांजेला उडतं. शेत आणि रान शेजारी असलं की याची चंगळ.

सदर्न बर्डविंग हे भलं मोठं फुलपाखरू उलट स्वभावाचं. त्याचा सुरवंट ईश्वरीच्या जातीच्या वेलींवरच जगतो. रान तोडताना वेली गेल्या की विषय संपला.

तिसरं उदाहरण पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं. एटकेन यांनी त्यांच्यावरही लिहिलं. या मुंग्या रानातही राहतात आणि आंब्याच्या बागेतही. बागेतली कीड त्या खातात, पण शेजारच्या रानातले सुरवंटही सोडत नाहीत.

म्हणजे शेताला लागून असलेल्या रानात किडे नुसते कमी होत नाहीत, तर बदलतात. काहीही खाऊन जगणारे वाढतात, एकाच झाडावर अवलंबून असणारे जातात. रानाच्या कडेला ऊन आणि वारा आत शिरतो, ओल कमी होते. शेतात फवारलेलं औषध वाऱ्याने झाडीत जातं. आणि चारही बाजूंनी शेतं झाली की देवराईसारखा तुकडा बेट होऊन बसतो. तिथली एखादी जात संपली की बाहेरून नवी येत नाही.

मग तापाची भानगड

ही गोष्ट फक्त फुलपाखरांची असती तर हौशी लोकांपुरती राहिली असती. पण 1902 मध्ये एटकेन यांच्यावर वेगळंच काम पडलं. गोव्याच्या सरहद्दीवरच्या कस्टम्स नाक्यांवरचे शिपाई हिवतापाने हैराण होते. नाकी कुठे हलवली तर माणसं वाचतील, हे शोधायचं होतं.

डासांमधून हिवताप पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत 1897 मध्येच सापडला होता. त्यामुळे एटकेन रानात डास शोधू लागले. त्यात त्यांना ॲनोफिलीसची एक नवीच जात मिळाली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या जेम्स यांनी तिला एटकेन यांचंच नाव दिलं, ॲनोफिलीस एटकेनी.

आता यातली गंमत बघा. हा डास दाट झाडीतल्या, सावलीतल्या ओहोळांत वाढतो, आणि हिवताप पसरवणाऱ्यांत आज त्याची गणना होत नाही. आपल्याकडे ताप पसरवणारा मोठा गुन्हेगार ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस हा आहे. त्याला उन्हातलं साचलेलं पाणी आवडतं. नुकतीच लावणी झालेलं भातखाचर, पाट, खड्डे.

झाडी तोडून खाचर केलं की सावलीतल्या डासाचं घर मोडतं आणि उन्हातल्या डासाचं बांधलं जातं. अर्थात जंगल म्हणजे निर्धोक असंही नाही, कारण डोंगरपायथ्याच्या संथ ओढ्यांत वाढणारा ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस हाही ताप पसरवतो. पण रानाशेजारी आपण काय करतो यावर तिथे कोणता डास राहणार हे ठरतं, एवढं नक्की.

मग शेती वाईट का?

नाही. शेती कशी आहे यावर सगळं आहे. एटकेन ज्या मुलखात फिरले, त्याच उत्तर कन्नडमध्ये सुपारीच्या बागा शेकडो वर्षं शेजारच्या रानाच्या पालापाचोळ्यावर जगत आल्या आहेत. 2008 मध्ये तिथल्या पक्ष्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सावलीच्या या बागांत रानातले बरेच पक्षी टिकून असल्याचं त्यात दिसलं. अभ्यास पक्ष्यांचा होता, पण यातल्या कितीतरी पक्ष्यांचं पोट किड्यांवरच भरतं.

बांधावरची झाडं ठेवणं, देवराईच्या कडेला झुडपांचा पट्टा सोडणं, फुलोऱ्याच्या वेळी फवारणी टाळणं, यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. परागीकरण करणाऱ्या कितीतरी मधमाश्या रानात राहतात आणि शेतात कामाला येतात.

साष्टी बेटावर हे जमलं नाही. वाकोल्यापासून बोरिवलीपर्यंत गावठाणांभोवती भातखाचरं होती, ती इमारतींखाली गेली. उरलं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या अनेक कडांना आता शेताऐवजी शहर आहे.

एटकेन 1906 मध्ये कराचीहून निवृत्त होऊन एडिनबर्गला गेले आणि 1909 मध्ये वारले. बेल मात्र कारवारलाच राहिले आणि 1948 मध्ये तिथेच गेले. त्या तिघांच्या नोंदी आजही उपयोगी पडतात. कारण एखाद्या रानातून काय गेलं हे सांगायचं, तर तिथे आधी काय होतं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.