पहिला नंबर आला, पुढे काय? : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जीवनपरिचय



दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. आमच्या निगडीत तर हा दिवस घरचाच वाटतो. प्राधिकरणातल्या कुठल्याही गल्लीत जा, एखाद्या घरात कंपनीतून निवृत्त झालेले आजोबा भेटतील आणि शेजारच्या घरात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची वाट बघणारं मूल. शाळेत फोटोला हार घातला जातो, दोन भाषणं होतात आणि मुलं वर्गात परत येतात.

गेल्या वर्षी भाषणं संपल्यावर आठवीतल्या एका मुलाने मला विचारलं, की पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस मिळतं हे समजलं, पण त्याचं पुढे काय होतं? मला पटकन उत्तर देता आलं नाही. पालकसभेत आपण टक्के, क्रमांक आणि पदकं यांवरच बोलतो, ‘पुढे’वर कमी बोलतो. म्हणून या निबंधात विश्वेश्वरय्यांचं चरित्र त्यांना पुण्यात मिळालेल्या एका बक्षिसापासून सांगते आहे. वर्गात वाचून दाखवायलाही उपयोगी पडेल.

बालपण आणि शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या गावी १५ सप्टेंबरला झाला. बहुतेक पुस्तकांत जन्मवर्ष १८६१ दिलेलं आढळतं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते, पण घरची परिस्थिती बेताची होती. विश्वेश्वरय्या शाळकरी वयात असतानाच वडील गेले.

पुढचं शिक्षण बंगळूरला मामांच्या आधाराने झालं. तिथल्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना त्यांनी मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि स्वतःचा खर्च भागवला. १८८१ मध्ये ते बी.ए. झाले. आता इंजिनिअरिंग शिकायचं होतं, पण पैसे कुठून आणायचे?

इथे म्हैसूर संस्थान मदतीला आलं. संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच कॉलेज पुढे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून, म्हणजे आपल्या ओळखीचं ‘सीओईपी’ म्हणून नावारूपाला आलं. त्याची सुरुवात १८५४ मध्ये झाली होती. सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करणं एवढाच तेव्हा त्याचा हेतू होता. नंतर ते मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं आणि तिथून पदवीधर अभियंते बाहेर पडू लागले.

बर्कले पारितोषिक

१८८३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी एल.सी.ई. ही स्थापत्य अभियांत्रिकीची परीक्षा दिली. मुंबई इलाख्यात ते पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळालं.

हे बर्कले कोण, ते मुलांना जरूर सांगा, कारण त्यांचं काम आपण जवळजवळ रोज बघतो. जेम्स बर्कले हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली, तो मार्ग त्यांच्याच देखरेखीखाली झाला. त्यानंतर त्यांनी बोर घाटातून लोहमार्ग चढवण्याचं अवघड काम हाती घेतलं. पंचवीस बोगदे, खोल दऱ्या आणि हजारो मजूर. त्यांतल्या कितीतरी जणांनी तिथे जीव गमावला. घाटातली वाट १८६३ मध्ये खुली झाली, पण बर्कले त्याआधीच, १८६२ मध्ये वारले होते. आकुर्डी स्टेशनवरून लोकलने लोणावळ्याला जाऊन पुढे मुंबईची गाडी धरलीत, की तुम्ही त्याच घाटातून उतरता.

म्हणजे बघा, घाटात रेल्वे चढवणाऱ्या माणसाच्या नावाचं बक्षीस बाहेरगावाहून शिकायला आलेल्या, वडील नसलेल्या एका विद्यार्थ्याला मिळालं. पण ते पदरात पडलं तेव्हा त्याच्या मागे किती जणांचे हात होते? मामा होते, शिकवण्या देणारी घरं होती, शिष्यवृत्ती देणारं संस्थान होतं. बक्षिसावर नाव एकाचंच असतं, पण ते मिळवून देणारे बरेच असतात. पालकहो, हे आपल्या मुलांना सांगायला आपण विसरतो का?

महाराष्ट्रातली चोवीस वर्षं

पहिल्या क्रमांकामुळे त्यांना मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नेमणूक मिळाली. साल १८८४. नाशिक, खानदेश आणि पुणे या भागांत त्यांनी सुरुवातीची वर्षं काढली. खानदेशात पांझरेच्या पात्राखालून नळ टाकून कालव्याचं पाणी पलीकडे न्यायचं काम त्यांच्याकडे आलं, तेही पावसाळ्याच्या दिवसांत. परीक्षेतल्या गणिताला पूर येत नाही, नदीला येतो. पदकाची खरी परीक्षा तिथून सुरू झाली असं मला वाटतं.

त्यानंतर सिंधमधल्या सक्करला त्यांनी पाणीपुरवठ्याची योजना उभारली. १८९९ च्या सुमारास दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. तेव्हा कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी भरपूर पाणी घेत आणि शेवटच्या गावांपर्यंत ते पोचत नसे. विश्वेश्वरय्यांनी सुचवलं, की जमिनीचे गट पाडावेत, गटांत पिकं आलटूनपालटून घ्यावीत आणि उसासारख्या तहानलेल्या पिकाला मर्यादा घालावी. त्यामुळे पाणी जास्त गावांना मिळेल आणि जमीनही पाणथळ होणार नाही. आजही उसाची आणि पाण्याची चर्चा निघाली की हाच प्रश्न समोर येतो, नाही का?

१९०३ च्या सुमारास त्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं होतं. पाणी ठरावीक पातळीवर आलं की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी रचना वापरली गेली.

नोकरीत ते अनेक ज्येष्ठांना ओलांडून वर गेले. पण तो इंग्रजांचा काळ होता. कितीही हुशार असला तरी भारतीय माणसाला सगळ्यात वरची खुर्ची मिळणं कठीण होतं. १९०८ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. पहिला नंबर दार उघडतो, पण आतले सगळे जिने चढू देतोच असं नाही, हेही मुलांना कळायला हवं.

म्हैसूरला परत

१९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबादचं अतोनात नुकसान झालं. तिथल्या निजाम सरकारने पूरनियंत्रणाच्या सल्ल्यासाठी विश्वेश्वरय्यांना बोलावलं. शहराच्या वरच्या बाजूला जलाशय बांधून पूर अडवावा, असा आराखडा त्यांनी दिला. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. ज्या संस्थानाने शिष्यवृत्ती दिली होती, त्याच्याच सेवेत ते पंचवीस वर्षांनी परतले.

कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम त्यांच्या आग्रहामुळे १९११ मध्ये सुरू झालं. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानाचे दिवाण होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, १९१७ मध्ये बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज. बघा, ज्याला शिकायला पुण्याला यावं लागलं, त्याने आपल्या मुलखातल्या मुलांना शिकायची सोय मुलखातच करून दिली. त्या मुलाच्या प्रश्नाचं हे मला सापडलेलं पहिलं उत्तर. बक्षीस मिळालं, पुढे काय? पुढे इतरांसाठी कॉलेज.

एक अवघड पान

जीवनपरिचय लिहिताना आपण हे पान बहुधा गाळतो. मी गाळणार नाही. १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं. महाराजांना सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना वाटा द्यायचा होता आणि त्यासाठी मिलर समिती नेमली गेली. नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात असं विश्वेश्वरय्यांचं मत होतं आणि त्यावरून मतभेद झाले.

आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्येच कोल्हापुरात मागासलेल्या समाजांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. विश्वेश्वरय्यांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही, शिक्षिका म्हणून मला या बाबतीत शाहू महाराजांचं म्हणणं पटतं. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी अभ्यासाला टेबल आहे, काहींच्या घरी रात्रपाळीहून आलेला बाप त्याच खोलीत झोपलेला असतो. दोघांना पेपर एकच असतो. गुणवत्ता खरीच असते, पण ती दिसायला आधी संधी लागते. खुद्द विश्वेश्वरय्यांचीही शिष्यवृत्ती मिळाल्यावरच दिसली. मोठ्या माणसाच्या एखाद्या मताशी असहमत होऊनही त्याच्याकडून शिकता येतं, हेही मुलांना याच निमित्ताने सांगता येईल.

शेवटची वर्षं

दिवाणपद सोडल्यावरही ते थांबले नाहीत. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, उद्योगधंदे आणि आर्थिक नियोजनावरची पुस्तकं असं त्यांचं काम चालूच राहिलं. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. शंभरी पार करून एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. वेळ पाळणं आणि नीटनेटकेपणा यांबद्दल त्यांची ख्याती होती.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. सकाळी नळाला येणारं पाणी कुठून येतं, ते मुलांना शोधायला सांगा. पवना धरण, रावेतचा बंधारा, निगडीचं जलशुद्धीकरण केंद्र आणि मग आपला नळ. या वाटेवर किती अभियंत्यांचे आणि कामगारांचे हात लागले असतील, याची यादी करायला लावा.

२. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलाला, आपल्याला मदत केलेल्या पाच जणांची नावं लिहायला सांगा.

३. बक्षीस न मिळालेल्या मुलांना विचारा, की काय मिळालं असतं तर तुम्हाला अभ्यास सोपा गेला असता? उत्तरं नीट वाचा. मी वाचली, तेव्हा एका मुलीने फक्त बल्ब असं लिहिलं होतं.

या १५ सप्टेंबरला हार घालून झाला, की एवढं तरी करून बघूया. त्या मुलालाही मी आता सांगणार आहे, की पहिल्या आलेल्याचं पुढे काय होतं ते बक्षीस ठरवत नाही. ज्यांनी त्याला तिथवर पोचवलं त्यांची तो आठवण ठेवतो का आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट करतो का, त्यावर ते ठरतं.

तुमच्या वर्गात काय घडलं, ते जरूर कळवा.