आखूड लहरींचे उपासक : आचार्य जगदीशचंद्र बोस

फोनमधले गाणे कानातल्या यंत्रावर ऐकायचे असेल तर आपण ब्लूटूथ चालू करतो. तोच फोन घरातल्या मोठ्या पडद्याला जोडून सिनेमा पाहायचा असेल तर वाय-फाय लागते. दुकानात काही फोन यंत्राला नुसते टेकवले तरी पैसे चुकते होतात. तिन्ही प्रकार बिनतारी, तिन्ही थोड्या अंतराचे. पण एकाचे काम दुसऱ्याला तितके नीट जमत नाही. कोणत्या कामाला कोणती लहर योग्य, हा निवडीचा प्रश्न आज घरोघरी आहे. याच प्रश्नाचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका प्राध्यापकाने केला होता. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी मैमनसिंग येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. पण मुलाला आधी मातृभाषा यावी आणि आपली माणसे कळावीत, म्हणून भगवानचंद्रांनी जगदीशला बंगाली शाळेत घातले. तेथे कोळ्याचा मुलगा आणि वडिलांच्या मुसलमान चपराश्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसत. नदीतल्या माशांच्या आणि रानातल्या जनावरांच्या गोष्टी तो त्यांच्या तोंडून ऐके. निरीक्षणाची गोडी त्यांना तिथेच लागली.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांच्यामुळे त्यांना पदार्थविज्ञानाची ओढ लागली. 1880 साली ते वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. परंतु सततच्या तापाने तो अभ्यास सोडावा लागला. मग केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. लॉर्ड रॅली यांच्यासारखे गुरू त्यांना तेथे लाभले.

1885 साली ते परतले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. परंतु तेथे एक अन्याय वाट पाहत होता. हिंदी प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार मिळे आणि जागा हंगामी असल्यामुळे बोस यांना त्याच्याही निम्मा देऊ केला गेला. त्यांनी भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. तीन वर्षे पगाराला हात न लावता ते शिकवत राहिले. घरी वडिलांचे कर्ज होते, 1887 साली अबलादेवींशी विवाह झाला होता. तरीही ते ढळले नाहीत. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील बाकीसह दिला. त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

1894 साली, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी संशोधनाला वाहून घेण्याचा निश्चय केला. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी 1887-88 साली विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. त्या लहरी प्रकाशाचीच भावंडे आहेत, फक्त लांबीने फार मोठ्या, हे दाखवायचे काम पुढे न्यायचे होते. परंतु बोस यांच्याजवळ प्रयोगशाळा कुठे होती? कॉलेजातली एक चिंचोळी खोली आणि पत्र्याचे काम करणारा एक कारागीर, एवढाच सरंजाम होता.

येथे त्यांनी निवड केली. हर्ट्झ यांच्या लहरी काही मीटरपासून सुमारे 66 सेंटिमीटरपर्यंत लांबीच्या होत्या. तळ्यात रोवलेल्या काठीला मोठी लाट सहज वळसा घालून पुढे जाते. बारीक तरंग मात्र मोठ्या खडकावर आपटला की मागे फिरतो. तसेच येथे होते. लहर लांब असेल तर तिला अडवायला, वाकवायला किंवा परतवायला आरसे आणि भिंगेही प्रचंड हवीत. लहर आखूड केली की सारी उपकरणे टेबलावर मावतात. बोस यांनी लहर 5 मिलिमीटरपर्यंत आखूड केली. प्रकाशासारखे परावर्तन, वक्रीभवन आणि ध्रुवीभवन या लहरींत त्यांनी दाखवले. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकाच्या पानांमध्ये धातूचे पातळ वर्ख घालून त्यांनी ध्रुवीभवनाचे उपकरण केले. पिळलेल्या तागाच्या जुडग्यांतून लहरींची पातळी कशी फिरते, हेही त्यांनी दाखवले. त्यांची धातूची पोकळ नळी आणि कर्ण्यासारखे तोंड हेच साधन पुढे सूक्ष्मलहरींच्या तंत्रात जगभर वापरले जाऊ लागले.

त्यांना दूरचा पल्ला जमत नव्हता, असे नाही. 1895 साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी बिनतारी लहरीने सुमारे 75 फुटांवरच्या खोलीत घंटा वाजवली आणि दारू पेटवली. त्यासाठी त्यांनी उंच खांबावर धातूची चकती बसवली होती, अशी माहिती त्यांचे चरित्रकार पॅट्रिक गेडिस देतात. हेच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. म्हणजे अंतर वाढवायचे तर उंच खांब आणि लांब लहर हवी, हा मार्ग बोस यांच्या समोर होता. त्या मार्गाने गेले ते मार्कोनी. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनींनी शेकडो मीटर लांबीच्या लहरींनी अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पोहोचवल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे यावर पुष्कळ हळहळ व्यक्त होते. बोस यांनी 1899 साली लोखंड आणि पारा यांचे लहरग्राहक यंत्र रॉयल सोसायटीपुढे मांडले होते आणि मार्कोनींच्या पारायुक्त ग्राहकाचे मूळ त्यातच आहे, असे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनलेखात दाखवले गेले. 1909 चे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळाले. हे सारे खरे असले तरी मला वाटते, केवळ हळहळ करण्यात आपण बोस यांना नीट ओळखत नाही. मार्कोनींना जहाजे आणि देश जोडायचे होते. बोस यांना लहरीचा स्वभाव जाणायचा होता. दोघांचे काम वेगळे, म्हणून दोघांची लहरही वेगळी.

मात्र पेटंटाची गोष्ट मनाला टोचते. तारायंत्रे बनवणाऱ्या एका श्रीमंत कारखानदाराने इंग्लंडात त्यांना भागीदारीचे आमिष दाखवले. त्यांनी नकार दिला. भगिनी निवेदिता आणि श्रीमती सारा बुल यांच्या आग्रहामुळे गॅलिना खनिजाच्या ग्राहकाचे अमेरिकन पेटंट 1904 साली त्यांच्या नावे झाले. पण त्याचा त्यांनी लाभ उठवला नाही. पगाराच्या एका पैशासाठी तीन वर्षे ताठ उभा राहणारा माणूस येथे लाखांवर पाणी सोडतो, हा विरोधाभास आहे काय? मला तसे वाटत नाही. पगार हा श्रमाचा आणि स्वाभिमानाचा हक्क होता. ज्ञान ही त्यांच्या मते सर्वांची ठेव होती. तरीही त्या पैशातून एखादी प्रयोगशाळा वीस वर्षे आधी उभी राहिली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. 1917 साली, आपल्या वाढदिवशीच, त्यांनी कलकत्त्यात बोस विज्ञान मंदिर स्थापन केले. 1920 साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

आणि त्यांच्या आखूड लहरी? आपले ब्लूटूथ आणि नेहमीचे वाय-फाय सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतात. ब्लूटूथ कमी वीज खाते म्हणून कानातल्या यंत्राला ते बरे, वाय-फाय अधिक माहिती वाहते म्हणून चित्रपटाला ते बरे. वाय-फायची दुसरी, सहा सेंटिमीटरच्या आसपासची लहर वेगवान आहे, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. 2012 साली मान्य झालेल्या वायगिग पद्धतीत तर थेट 5 मिलिमीटरचीच, म्हणजे बोस यांचीच लहर आली. तिला भिंत अडवते, हवेतला प्राणवायूही शोषतो. पण एकाच खोलीत पुष्कळ माहिती झटपट द्यायची असेल तर हा दोषच गुण ठरतो, कारण शेजारच्या खोलीशी तिचा गोंधळ होत नाही.

मातृभाषेच्या शाळेतून आलेल्या, अपुऱ्या साधनांत शिकणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना या चरित्रातून घेण्यासारखे आहे. खोली लहान होती म्हणून बोस थांबले नाहीत. खोलीत मावेल अशी लहर त्यांनी निर्माण केली. त्या थोर आचार्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!