साबणाच्या फेसामागचं गणित सांगितलं म्हणून ज्यांना वेड्यात काढलं, ते पुण्याच्या एनसीएलचे पहिले डायरेक्टर झाले

तेलकट कढई नुसत्या पाण्यानं विसळली तर तेल हटत नाही. साबण लावला की निघतं. नगर असो की न्यूयॉर्क, घरोघरी हेच. पण पाण्यात साबण नेमकं करतो काय, हे कोडं सोडवणारा एक मोठा शास्त्रज्ञ पुण्यात येऊन राहिला होता.

त्यांचं नाव जेम्स विल्यम मॅकबेन.

जन्म १८८२ चा, कॅनडातला. टोरांटोत शिक्षण, जर्मनीत संशोधन आणि १९०६ पासून इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठात नोकरी. तिथं त्यांनी साबणाचं पाणी तपासायला घेतलं आणि एक विचित्र गोष्ट दिसली.

साबणाच्या दाट द्रावणातून वीज चांगली वाहायची. म्हणजे पाण्यात विद्युतभार असलेले भरपूर सुटे कण हवेत. पण दुसऱ्या पद्धतीनं कण मोजले की ते फारच कमी भरायचे. मग वीज वाहून नेतंय कोण?

मॅकबेन यांचं उत्तर साधं होतं. साबणाचे रेणू सुटे राहत नाहीत, घोळका करतात. रेणूचं डोकं पाण्यात रमतं, शेपटी पाण्यापासून पळते. म्हणून शेपट्या आत, डोकी बाहेर आणि भार घोळक्यावर. तेल जाऊन बसतं ते याच शेपट्यांमध्ये. या घोळक्याला त्यांनी १९१३ मध्ये मायसेल म्हटलं.

एवढे मोठे पुंजके वीज वाहून नेतील, हे तेव्हाच्या जाणकारांना पटणारं नव्हतं. लंडनच्या एका बैठकीत अध्यक्षस्थानी बसलेल्या नामवंत शास्त्रज्ञानं हे सगळं मूर्खपणाचं ठरवून त्यांना गप्प केलं, असा किस्सा रसायनशास्त्रात आजही सांगितला जातो.

मॅकबेन मागे हटले नाहीत. सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या मेरी एव्हलिन लेंग यांच्यासोबत ते मोजमापं करत राहिले. १९२३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि १९३९ मध्ये त्यांना डेव्ही पदक मिळालं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. मायसेलचे दोन प्रकार असतात, त्यातला एक थरांचा, असं ते मानत. पातळ द्रावणात मायसेल गोल असतो हे चित्र १९३६ मध्ये हार्टली यांनी मांडलं आणि तेच टिकलं. पण घोळक्याची मूळ कल्पना मॅकबेन यांचीच.

१९४९ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून पुण्यात आले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी पाषाण रोडवरच्या एनसीएलचं उद्घाटन केलं. नव्या देशाची नवी प्रयोगशाळा उभी करून १९५२ मध्ये मॅकबेन परतले. पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांचं कोडं मात्र पुढे वाढलं. आता साबणाऐवजी पॉलिमरच्या लांब साखळ्यांचे मायसेल बनवतात. साबणाचा रेणू एका मायसेलमधून सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात बाहेर पडतो आणि दुसऱ्यात शिरतो. पॉलिमरची साखळी जितकी लांब, तितकं तिला निघणं जड. कधी तास लागतात, कधी दिवस. मायसेलमध्ये भरलेलं औषध शरीरात योग्य जागी पोचेपर्यंत टिकेल का, हे बरंचसं या अदलाबदलीवर ठरतं.

पुढच्या वेळी कढई घासताना फेसाकडे नीट बघा. ज्याला मूर्खपणा म्हटलं गेलं, ते तुमच्या हातात घडत असतं.