ज्या वॉर्डात कुणी पाय ठेवत नव्हतं, तिथल्या ज्युनियर डॉक्टरने सोरायसिसला कुष्ठरोगापासून वेगळं काढलं

अंगावर लाल चट्टे, त्यावर चंदेरी खवले. आज स्किनचे डॉक्टर बघताक्षणी सांगतात की हा सोरायसिस आहे, हात लावल्याने पसरत नाही.

पण दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपात याच आजाराच्या एका प्रकाराला डॉक्टरांच्या पुस्तकातही लेप्रा म्हणायचे. लोकांच्या लेखी लेप्रा म्हणजे कुष्ठरोग. नावातल्या या घोळाचा त्रास भोगायचा तो पेशंटनेच.

हा घोळ मिटवला फर्डिनांड हेब्रा यांनी. जन्म १८१६ चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहरातला. १८४१ मध्ये व्हिएन्नात ते डॉक्टर झाले आणि तिथल्या जनरल हॉस्पिटलमध्ये योसेफ स्कोडा यांच्या हाताखाली लागले. स्कोडा गाडीला ज्या एमिल स्कोडाचं नाव मिळालं, त्याचे हे सख्खे काका.

स्कोडा छातीच्या आजारांचे मोठे तज्ज्ञ. त्यांच्या विभागाला कातडीच्या पेशंटचा वॉर्डही जोडलेला होता. बहुतेक पेशंट खरजेचे आणि गरीब. तिकडे फिरकायला कुणी राजी नसायचं. स्कोडांनी तो वॉर्ड या नवख्या डॉक्टरकडे सोपवला.

शिक्षा वाटावी असंच ते काम होतं. हेब्रांनी मात्र एकेक पेशंट निरखायला सुरुवात केली.

तेव्हा खरूज म्हणजे आतलं रक्त बिघडल्याचं लक्षण, असा समज होता. (आपल्याकडे आजही पुरळ उठलं की रक्त खराब झालंय म्हणणारे घरोघरी सापडतील.) हेब्रांनी खरजेचे किडे स्वतःच्या अंगावर सोडून घेतले आणि दाखवून दिलं की खरूज या किड्यामुळेच होते.

सोरायसिसचंही असंच. इंग्लंडच्या रॉबर्ट विलन यांनी त्याचं बारीक वर्णन केलं होतं, पण लेप्रा आणि सोरायसिस असे दोन आजार मानून. हेब्रांनी सांगितलं की हा आजार एकच आहे, फक्त चट्ट्यांचे आकार वेगळे, आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. लेप्रा हे नाव त्यांनी सोरायसिसपुरतं काढूनच टाकलं.

१८४९ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि तो नकोसा वॉर्ड जगभरच्या तरुण डॉक्टरांची शाळा बनला. आज सोरायसिसच्या फेलोशिपमध्ये नवा डॉक्टर अनुभवी डॉक्टरशेजारी बसून पेशंट बघतो, तसंच इथेही होतं. पुस्तक नंतर, आधी पेशंटची कातडी. नुसतं अंग बघून हेब्रा पेशंटचा धंदाही ओळखायचे म्हणतात.

बोस्टनहून जेम्स व्हाइट इथे शिकायला आला आणि १८७१ मध्ये हार्वर्डचा त्वचारोगाचा पहिला प्राध्यापक झाला. हंगेरीतल्या गरीब ज्यू घरातला मोरिट्झ कापोसी आला, तो हेब्रांचा जावईच झाला. सासऱ्यांचा अपुरा ग्रंथही त्यानेच पुरा केला.

आणखी एक विद्यार्थी हाइनरिख ऑस्पिट्झ. सोरायसिसचा खवला खरवडून काढला की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, त्याला डॉक्टर आजही ऑस्पिट्झ साइन म्हणतात. खरं तर हे हेब्रांनी आणि त्यांच्याही आधी इतरांनी नोंदवलं होतं. नाव मात्र शिष्याचं लागलं.

हेब्रा १८८० मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या खुर्चीवर कापोसी बसला.