कुलूपवाल्याचा पोरगा

ओहमचा नियम आपण झोपेतही म्हणून दाखवू. पण हा ओहम कोण, असं विचारलं तर निम्मे जण रोध मोजायचं एकक म्हणून मोकळे होतील. तो हाडामासाचा माणूस होता, आणि मला तर तो आपल्या हॉस्टेलवरचाच वाटतो.

जॉर्ज सायमन ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावात जन्मला. वडील कुलपं बनवायचे. ते स्वतःच गणित शिकले आणि पोरांनाही घरीच शिकवलं. १८०५ मध्ये पोरगा युनिव्हर्सिटीत गेला आणि बिलियर्ड्स, नाच, स्केटिंग यातच रमला. वडील भडकले. तीन सेमिस्टरनंतर शिक्षण सुटलं आणि स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी करावी लागली. तिथे मात्र त्याने एकट्याने अभ्यास केला, परत आला आणि १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

१८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत शिकवू लागला. शिकवून उरलेल्या वेळात प्रयोग करायचा. त्या काळची बॅटरी प्रयोग चालू असतानाच उतरायची, म्हणून १८२५ चं त्याचं पहिलं सूत्र चुकलं. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमान स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर. १८२६ मध्ये नियम हाती आला. त्याच्या मूळ सूत्रात छेदात दोन गोष्टी होत्या: तपासायच्या तारेची लांबी आणि बाकीच्या सर्किटचा रोध. आपण घोकतो त्या सूत्रात ही दुसरी गोष्ट वेगळी दिसत नाही. खरी मेख तिथेच आहे.

आमच्या लॅबमधलं पेट्रोल इंजिन काळा धूर ओकायला लागलं, तेव्हा मला हे पटलं. इंजिन चांगलं तापलं तरी स्कॅनरवर कूलंटचं तापमान ४० अंशांच्या पुढे जाईना. सगळ्यांचं एकच मत पडलं, सेन्सर बदला. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापला की त्याचा रोध घटतो. ईसीयू आतल्या ठराविक रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सरच्या लाइनवर किती व्होल्ट दिसतात त्यावरून तापमान काढतो. वाटेत जादा रोध घुसला की त्याला इंजिन गारच वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो.

सेन्सर काढून पाण्यात बुडवला. २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, ८० ला सुमारे ३०० ओहम. तक्त्याशी जुळलं, म्हणजे सेन्सर ठणठणीत. नुसता कनेक्टर काढला तर स्क्रीनवर उणे ४०, तेही बरोबर. पण कनेक्टरच्या दोन्ही पिना वायरने जोडल्यावर आकडा वरच्या टोकाला जायला हवा, तो पन्नाशीतच अडकला. सिग्नलची पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तसा आकडा झटकन टोकाला! दोष ग्राउंडच्या वाटेत होता. कनेक्टरच्या आत ग्राउंडचं टर्मिनल हिरवं पडून सडलं होतं. ते कापून नवीन क्रिंप केलं. तापलेल्या इंजिनाचा आकडा ८८ वर आला, धूर गेला. सेन्सर जुनाच!

ओहमच्या वाट्याला इतकं झटपट यश आलं नाही. १८२७ मध्ये त्याने सगळं पुस्तकात मांडलं, पण जर्मनीत त्याचं थंडं स्वागत झालं. १८२८ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये तुटपुंज्या शिकवण्यांवर दिवस काढले. १८३३ मध्ये न्युरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं. ज्या प्रोफेसरकीची आस होती ती म्युनिकला १८५२ मध्ये मिळाली, तेव्हा तो साठीच्या पुढे होता. १८५४ मध्ये तो गेला. रोधाच्या एककाला त्याचं नाव पॅरिसच्या परिषदेत १८८१ साली पक्कं झालं.

तेव्हा पार्ट बदलायला स्टोअरची चिठ्ठी लिहिण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि बाकीचं सर्किट एकदा तपासा. त्या बाकीच्या सर्किटचा हिशेब मांडायला त्या माणसाने आपली नोकरी घालवली होती.